कोंबड्यांची घडीची पेटी

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी गावच्या वेशीपाशी उभे राहिले, म्हणजे बाजारास जाणाऱ्या नाना वस्तू दृष्टीस पडतात. भाजीच्या पाट्या जातात, धान्याची पोती जातात, मडक्यांनी भरलेल्या गाड्या जातात. मडकी नेणारा कुंभार दोन मडक्यांच्या मध्ये गवत घालतो. वाटेत एकाचा दुसऱ्यास धक्का लागून तडा जाऊ नये, ही त्याला चिंता असते. त्याच वाटेने कोणी सायकलच्या दांडीला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्याही नेत असतो. मडके निर्जीव, पण त्याच्यासाठी गवताची गादी! कोंबडी सजीव, पण तिची मान खाली लोंबते आहे, पंख धुळीने माखले आहेत आणि चोच उघडी पडली आहे. हे दृश्य पाहून विचारी माणसाच्या मनात सहज येते, की मडक्याइतकी तरी काळजी कोंबडीची का घेऊ नये?

घरच्या दोनचार कोंबड्या डालग्यात घालून नेता येतात. परंतु शेपन्नास कोंबड्या दूरच्या गावी न्यावयाच्या, तर पेटी हवी. पेटी म्हणजे काय? थोड्या फळ्या आणि थोडे खिळे! वरवर पाहता हे काम अगदी सोपे वाटते. परंतु शहाणा सुतार करवत हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो : "आत काय ठेवायचे आहे?" आंबे ठेवायचे असतील तर पेटी एका प्रकारची, काचेचे सामान ठेवायचे असेल तर दुसऱ्या प्रकारची. आपल्या पेटीत तर श्वास घेणारा, घाबरणारा, तहानेने व्याकूळ होणारा प्रवासी बसणार आहे. म्हणून त्या प्रवाशाची ओळख आधी करून घेतली पाहिजे.

कोंबडीचे शरीर आपल्यापेक्षा उष्ण असते. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते, तर कोंबडीचे सुमारे ४१ अंश असते. उन्हाळ्यात आपल्याला घाम येतो. तो वाळतो आणि अंग थंड होते. कोंबडीला घाम येतच नाही. ती चोच उघडून जोरजोराने श्वास घेते. तोंडातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होऊन बाहेर जाते, आणि त्या वाफेबरोबर शरीरातील उष्णताही जाते. परंतु पावसाळ्यात बंद खोलीत ओले कपडे लवकर वाळत नाहीत, हे तुम्ही पाहिले आहे. कोंडलेल्या पेटीतही तसेच होते. बारा कोंबड्यांच्या श्वासाने आतली हवा दमट होते, ओलाव्याची वाफ होईनाशी होते, आणि कोंबडी धापा टाकून टाकून शेवटी मान टाकते. म्हणून पेटीच्या भिंती भरीव फळ्यांच्या नसाव्यात, पट्ट्यांच्या असाव्यात. दोन पट्ट्यांमधील फट मात्र अडीच सेंटीमीटरांहून मोठी नको. फट मोठी असली, की कोंबडी तीतून डोके बाहेर काढते, आणि पेटी सरकविताना तिची मान चेंगरते.

भिंतींना फटी हव्यात. तळाला मात्र नकोत. तळाच्या फटीतून पाय खाली उतरला आणि पेटी जमिनीवर ठेवली, की नाजूक बोटे चिरडलीच म्हणून समजा. म्हणून तळ सलग असावा, आणि पाय घसरू नयेत म्हणून त्यावर भाताचे तूस किंवा गवत पसरावे.

कोंबडीचा स्वभाव भित्रा. गाडीला हिसका बसला की साऱ्याजणी एकाच कोपऱ्याकडे धावतात, एकमेकींच्या अंगावर चढतात, आणि तळाशी सापडलेलीचा श्वास कोंडतो. यावर उपाय म्हणजे पेटीच्या मध्यभागी एक आडभिंत घालून दोन कप्पे करणे. मग धावायला लांब अंगणही उरत नाही आणि ढिगाऱ्यासाठी बारा जणीही एकत्र येत नाहीत.

या साऱ्या गोष्टी केवळ दयेच्या म्हणून सोडून दिलेल्या नाहीत. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्या कायद्यास अनुसरून १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम करण्यात आले, आणि २००१ साली त्यांत कोंबड्यांच्या वाहतुकीसंबंधीचे नियम जोडण्यात आले. मोठ्या कोंबडीला तळावर निदान ४८० चौरस सेंटीमीटर जागा मिळावी, असे हे नियम सांगतात. बारा कोंबड्यांसाठी त्यांनी ११५ सेंटीमीटर लांब, ५० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच पेटी सांगितली आहे. ११५ ला ५० ने गुणून १२ ने भागा, म्हणजे हा हिशेब तुमच्याच ध्यानात येईल. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी मिळाले पाहिजे, आणि पेटी वाटेत ढासळेल अशा साहित्याची असता कामा नये, असेही हे नियम बजावतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे महत्त्व कळून येईल.

आता आपली पेटी तयार झाली. कोंबड्या सुखरूप बाजारात पोचल्या. पण परतीच्या वाटेवर एक नवीच अडचण उभी राहते. जाताना पेटीत बारा कोंबड्या होत्या. येताना आत नुसती हवा आहे. तरीही पेटी तितकीच जागा अडविते! गाडीत बारा पेट्या असतील, तर सारी गाडी त्या हवेनेच भरून जाते. कोंबड्यांच्या खाद्याची चार पोती न्यावयाची असली, तरी ती ठेवावयाची कोठे? मग गाडीवान कुरकुर करतो, भाडे वाढते, आणि कंटाळून मालक म्हणतो, "यापेक्षा दोरीने बांधून नेलेल्या बऱ्या!" अशा रीतीने चांगली पेटी घराच्या माळ्यावर पडून राहते आणि कोंबड्या पुन्हा सायकलच्या दांडीवर येतात. म्हणून पेटी अशी हवी, की जी माणसाला परत आणणेही सोपे जाईल.

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घरातच आहे. छत्री पावसात पसरते आणि पाऊस थांबला की मिटते. घडीची खुर्ची पाहुणा आला की उभी राहते आणि गेला की भिंतीला टेकते. पेटीही अशीच घडीची का करू नये?

आपल्या पेटीला एक तळ, दोन लांब भिंती, दोन आखूड भिंती, एक आडभिंत आणि एक झाकण, असे सात भाग आहेत. चारही बाहेरच्या भिंती तळाला बिजागऱ्यांनी जोडावयाच्या आणि आतल्या बाजूस पाडावयाच्या. प्रथम आखूड भिंती पाडू. प्रत्येकीची उंची ४५ सेंटीमीटर. दोघींची मिळून ९०. तळाची लांबी ११५. म्हणून त्या दोघी समोरासमोर निमूटपणे निजतात, आणि मध्ये २५ सेंटीमीटर जागा मोकळी राहते.

लांब भिंतींचे मात्र तसे नाही. त्यांची प्रत्येकीची उंची ४० सेंटीमीटरांहून अधिक, आणि तळाची रुंदी अवघी ५०. दोघी शेजारी शेजारी मावणे शक्य नाही. एकीवर दुसरीला निजावे लागणार. येथेच नवशिक्या सुताराची फजिती होते. तो चारही भिंतींच्या बिजागऱ्या एकाच पातळीवर बसवितो. आखूड भिंती खाली पडल्या, की त्यांच्यावर पडणारी लांब भिंत धड आडवी होत नाही. आणि तिच्यावरची दुसरी तर अधिकच तिरपी राहते. जोराने दाबावे तर बिजागऱ्यांचे स्क्रू उपटून येतात.

चतुर सुतार काय करतो? तो तळाच्या दोन लांब कडांवर उंबरठ्यासारख्या पट्ट्या ठोकतो. प्रत्येक भिंतीची जाडी २ सेंटीमीटर आहे असे धरा. मग एका कडेचा उंबरठा २ सेंटीमीटर उंच, तर समोरच्या कडेचा ४ सेंटीमीटर उंच. पहिली लांब भिंत ४३ सेंटीमीटरांची, दुसरी ४१ सेंटीमीटरांची. म्हणजे उभ्या राहिल्या की साऱ्यांची डोकी ४५ सेंटीमीटरांवर एका रेषेत येतात. मिटताना आखूड भिंती तळावर निजतात, पहिली लांब भिंत त्यांच्यावर सपाट पडते, दुसरी तिच्यावर सपाट पडते. सर्वांत वर सुटी केलेली आडभिंत आणि मग झाकण. जिना चढावा तशा बिजागऱ्या एकेक पायरी वर चढत गेल्या आहेत. किती लहान युक्ती, पण साऱ्या पेटीचे मर्म तीत आहे.

आता जाडी मोजू. तळ ३, आखूड भिंती २, पहिली लांब भिंत २, दुसरी २, आडभिंत १ आणि झाकण २. एकूण १२ सेंटीमीटर. उभी पेटी तळ व झाकण धरून ५० सेंटीमीटर उंच होती. म्हणजे एका उभ्या पेटीच्या जागेत चार मिटलेल्या पेट्या बसतात. बारा पेट्या तीन पेट्यांच्या जागेत परत आल्या. उरलेल्या जागेत खाद्याची पोती खुशाल भरा.

परंतु येथे एक धोका आहे. जी वस्तू मिटते, ती नको त्या वेळीही मिटू शकते. भरल्या पेटीची भिंत वाटेत आत पडली, तर कोंबड्या तिच्याखाली चिरडतील. छत्री वाऱ्यात मिटली तर आपण भिजतो, इतकेच. येथे प्राण जातील. म्हणून या पेटीचा पहिला नियम असा : पेटी माणसाच्या हातून मिटावी, प्रवासाच्या धक्क्याने कधीही मिटू नये.

हे कसे साधावे? चार काड्या घेऊन टोकांशी टाचण्यांनी जोडा आणि चौकोन करा. कोपऱ्याला बोट लावताच तो एका अंगाला कलतो. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी पाचवी काडी तिरपी बसवा. चौकोन ताठ झाला! कारण त्याचे दोन त्रिकोण झाले, आणि बाजू कायम असताना त्रिकोणाचा आकार बदलत नाही. म्हणून पेटीच्या प्रत्येक भिंतीत एक तिरपी पट्टी बसवितात. चारही कोपऱ्यांवर लोखंडी आकडे असतात, ते शेजारच्या दोन भिंतींना घट्ट धरतात. आकडा वरून खाली पडून कडीत अडकणारा असावा. म्हणजे गाडीच्या हिसक्याने तो निसटण्याऐवजी अधिकच आत बसतो. आडभिंतीच्या खालच्या खुंट्या तळाच्या भोकांत बसतात, आणि वर तिलाही आकडे असतात.

आणखी काही लहान गोष्टी आहेत. पण लहान म्हणून त्या विसरण्यासारख्या नाहीत. खिळ्याचे टोक आतल्या बाजूस राहू नये. पट्ट्यांच्या कडा रंधा मारून गोल कराव्यात. तळ आणि झाकण भिंतींच्या बाहेर तीन सेंटीमीटर काढावे. म्हणजे शेजारच्या पेट्या कितीही जवळ सरकविल्या, तरी मध्ये वारा खेळण्यास वाट राहते. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, म्हणून भिंतींमध्ये किंचित सैलपणा ठेवावा. नाहीतर ऐन वेळी पेटी उघडणार नाही. झाकणाला प्रत्येक कप्प्यावर एक सरकती खिडकी असावी. कोंबडी आत सोडताना तिचे पंख दोन्ही हातांनी अंगाशी धरावे. पाय धरून तिला आत फेकू नये.

घडीच्या पेटीचा आणखी एक लाभ आहे. लाकूड ओल शोषून घेते, आणि विष्ठेतील रोगजंतू फटींत टिकून राहतात. साध्या पेटीचे कोपरे नीट धुता येत नाहीत, तेथे ऊनही पोचत नाही. घडीची पेटी मात्र आकडे काढून फुलासारखी उलगडता येते. तिचे अंग न् अंग घासून धुवावे, जंतुनाशक लावावे आणि कडक उन्हात वाळवावे.

या पेटीला खर्च अधिक येतो, हे खरे. बिजागऱ्या विकत घ्याव्या लागतात, त्या गंजू नयेत म्हणून तेल द्यावे लागते. जी पेटी परत यावयाचीच नाही, तिला घडी घालण्यात अर्थ नाही. आता पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकच्या पेट्याही वापरतात. त्या धुण्यास सोप्या असतात. पण पेटी कशाचीही असो, ती करणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न बदलत नाहीत. नेणाऱ्याची सोय कशात आहे, हे पाहिलेच पाहिजे. परंतु आत बसणाऱ्याला काय सोसावे लागेल, हे त्याच्याही आधी पाहिले पाहिजे. नेणारा आपली तक्रार बोलून दाखवू शकतो. आत बसणाऱ्या मुक्या प्रवाशाच्या वतीने बोलणारी एकच वस्तू असते, आणि ती म्हणजे करणाऱ्याने विचारपूर्वक केलेली पेटी.

स्वाध्याय

१. कोंबड्यांच्या पेटीच्या भिंतींना फटी का हव्यात आणि तळाला का नकोत?

२. दोन लांब भिंतींच्या बिजागऱ्या वेगवेगळ्या उंचीवर का बसवितात?

३. 'पेटी माणसाच्या हातून मिटावी. प्रवासाच्या धक्क्याने कधीही मिटू नये.' हे साधण्यासाठी कोणकोणत्या योजना केल्या आहेत?

४. एक महिन्याच्या पिलाला ७५ चौरस सेंटीमीटर जागा लागते. ६० सेंटीमीटर लांब व ३० सेंटीमीटर रुंद पेटीत किती पिले ठेवता येतील?

५. जाड पुठ्ठ्याची २३ सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद व ९ सेंटीमीटर उंच अशी घडीची पेटी तयार करा. बिजागऱ्यांऐवजी कापडाच्या पट्ट्या चिकटवा. ती सपाट मिटते का, ते पाहा. मिटत नसल्यास कोठे चुकले, ते शोधून काढा.