न्याहारीचा शिळा भात

घोडबंदरच्या आमच्या घरात ‘ब्रेकफास्ट’ हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी होती न्याहारी : रात्रीचा उरलेला भात, त्याला ठेचलेल्या लसणीची फोडणी आणि सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. बोंबील उत्तनचा. तिथे आजही जबड्यात जबडा अडकवून तो बांबूंवर वाळत घालतात. वडील मिठागरावर कामाला. पावसाळ्यात मिठागरं बंद, होड्याही किनाऱ्यावर, मग सुक्या मासळीवरच दिवस निघत.

भात मात्र मोजकाच उरे. आई तो आधी वडिलांना वाढी, मग आम्हा भावंडांना. तिच्या वाट्याला खरवड आणि कोरा चहा. आम्हाला ते दिसत असे. बोलत कुणीच नसे.

परवा भाच्याचा फोन आला. तो बोटीवर नोकरीला आहे. तिथले फिलिपिनी खलाशी म्हणे सकाळी लसूण घालून परतलेला शिळा भातच खातात. त्याला ‘सिनांगाग’ म्हणतात, आणि सोबत ‘तुयो’ ही खारवलेली सुकी मासळी. शिळ्या भाताचं शीत मोकळं होतं, ही खूण त्यांनाही ठाऊक!

आईला हे सांगितलं. तिने विचारलं, ‘‘आणि त्यांच्या आया काय खातात रे?’’

भाचा विचारून कळवणार आहे.