पोटखराबा

1988 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा मी बँकेच्या एका ग्रामीण शाखेत शेतकी अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दोन म्हशींच्या कर्जासाठी जुन्नरच्या पश्चिमेकडून, दुर्गवाडीच्या अंगाच्या एका वाडीतून अर्ज आला होता. जीप जाईल तिथवर गेलो, उरलेली चढण पायी चढलो. वर पाहतो तर सगळा काळा कातळ. हिरवे पान औषधालाही नाही. सातबाऱ्यावर लागवडीचे क्षेत्र जेमतेम, बाकी सारा पोटखराबा. मी अहवालात लिहिले, ‘वैरणीची सोय नाही.’ अर्जदार म्हातारा महादेव कोळी होता. ‘सायेब, पाऊस लागल्यावर या की,’ एवढेच तो म्हणाला. त्याच्या घरामागे वाळल्या गवताची गंज उभी होती. ती मला तेव्हा दिसली नाही. कर्ज नामंजूर झाले.

पुन्हा तिथे गेलो तो थेट निवृत्तीनंतर, एका भाद्रपदात. तोच कातळ, पण ओळखू येईना. खळग्यांत साचलेल्या पाण्याभोवती गेंदाची पांढरी बोंडे, त्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक, कडेला तेरडा, उतारावर सोनकी आणि जिथे वीतभर माती तिथे कमरेएवढे गवत.

हजार मीटरच्या आसपास उंचीच्या या पठारांचा हिशेबच वेगळा आहे. चार महिने धो धो पाऊस, आठ महिने ऊन. मातीचा थर इतका पातळ की मोठ्या झाडाने मुळे रोवायची कुठे? म्हणून इथल्या बहुतेक वनस्पती पावसात घाईघाईने फुलतात, बी टाकतात आणि संपतात. काही कंदाच्या रूपाने जमिनीत दडून राहतात. मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे आपल्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. कंदीलपुष्पाच्या काही जाती तर सह्याद्रीबाहेर जगात कुठेही नाहीत.

याच डोंगरमाथ्यांवरचे पाणी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांना मिळते. पुढे माणिकडोह, वडज आणि डिंभे धरणांत साठते. त्या पाण्यावरच्या खालच्या द्राक्षबागांना मी डोळे मिटून कर्जे मंजूर केली. वरच्या माणसाला मात्र नकार दिला.

चूक माझ्या एकट्याची नव्हती. महसुलाच्या भाषेत जे पिकत नाही ते पडीक. 1985 साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि पडीक म्हटले की झाडे लावा, हे समीकरण पक्के झाले. दक्षिणेत निलगिरी पर्वतावरच्या गवताळ माथ्यांवर इंग्रजांच्या काळापासून ऑस्ट्रेलियातली वॅटल आणि निलगिरीची झाडे लावली गेली. गवत गेले. आज तीच वॅटल उपटून गवत परत आणण्याची धडपड चालू आहे. कोलंबियाच्या राजधानीला, बोगोटाला, पिण्याचे बरेचसे पाणी अँडीजवरच्या अशाच उंच गवताळ पठारांवरून येते. तिथे त्यांना पडीक म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

झाडे लावणे वाईट, असे कोण म्हणेल? भीमाशंकरचे रान राखलेच पाहिजे. पण जिथे निसर्गाने हजारो वर्षे गवत राखले, तिथे खड्डे खणून आपण काय साधतो? परतताना एका पठारावर ओळीने खणलेले खड्डे दिसले. रोपे वाळून काटक्या झालेली, आणि उपसलेल्या मातीखाली गेंद गाडलेला. खड्ड्यांची जागा निवडणारा माणूसही बहुधा मे महिन्यातच आला असावा.

त्या म्हाताऱ्याचे घर शोधून काढले. तो कधीच गेला होता. नातवाने ओट्यावर घोंगडी अंथरली, बस म्हणाला. मी कोण, हे सांगायचा धीर झाला नाही. थोड्या वेळाने त्याने पितळीत दूध आणून दिले.

म्हशीचे होते. घरचे.