१२३४५६७८९८७६५४३२१

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ ही सतरा अंकी नैसर्गिक संख्या म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग होय. डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, अंकांचा क्रम तोच राहतो. द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या ‘डेम्लो संख्यां’पैकी ही एक आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी येतो. त्यापुढे यादीत केवळ ‘परार्ध’ उरते.

घडण

ही संख्या कशी घडते हे पाहण्यास उभा गुणाकार पुरेसा आहे. १११११११११ ला तिनेच गुणताना तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहिली जाते. एककाच्या रकान्यात एक १ पडतो, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन. उजवीकडून नवव्या रकान्यात नऊ, आणि तेथून पुढे एकेक कमी. कोणत्याही रकान्याची बेरीज नवापुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि रकान्यांतील एकांची मोजदादच उत्तर म्हणून उमटते. एकूण ८१ एक मांडलेले असल्याने अंकांची बेरीजही ८१ भरते.

११² = १२१, १११² = १२३२१ अशी चढत आलेली माळ येथेच संपते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. मधल्या रकान्यातील दहाचा हातचा शेजारच्या नवाला दहा करतो, त्याचा हातचा पुढील आठाला नऊ करतो. डाव्या बाजूचा ८ नाहीसा होतो. पहिल्या नऊ ओळींवरून नियम बांधणाऱ्याने ही दहावी ओळ स्वतः करून पाहावी.

इतर गुणधर्म

मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असून विभाजक ४५ आहेत. संख्येला ८१ ने, म्हणजे तिच्याच अंकांच्या बेरजेने, गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ मिळतो. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९ येते; अशा संख्येस कापरेकर संख्या म्हणतात.

डेम्लो संख्येत पहिल्या व शेवटच्या भागांच्या बेरजेत मधलाच अंक येतो: १६५ मध्ये १ + ५ = ६. येथे मधला ९ वगळता १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

पूर्वपीठिका

देवळाली येथे शाळेत शिकवणारे कापरेकर (१९०५–१९८६) यांना ही कल्पना तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो, आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली. नाव तेथूनच आले. अशा संख्यांची आवड मात्र फार जुनी. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त हारासारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणे दिली. त्यांत २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ आहे आणि १२३४५६७९ × ९ = १११११११११ हेही आहे. पहिल्याचे उत्तर सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे, तर दुसऱ्याचे उत्तर प्रस्तुत संख्येचे वर्गमूळ.