विषाणू एकच, मृत्युदर वेगळे

साथीचा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे प्रत्येक साथीत ऐकू येते. विषाणूपुरते ते खरे आहे. त्याला शिरकाव करायला फक्त माणसाच्या पेशी लागतात. पण तो एखाद्यापर्यंत किती सहज पोहोचतो आणि त्यानंतर त्या माणसाला चार दिवस अंथरुणात पडून राहणे परवडते का, हे घर, मजुरी आणि ताटातले अन्न ठरवते. मुंबईच्या मृत्यूनोंदींत याचा शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा आहे.

१९१८च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. इन्फ्लुएन्झाच्या साथीची ती सुरुवात होती. सप्टेंबरमध्ये दुसरी, अधिक घातक लाट आली. या साथीत शहरातल्या युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३ होता, पारशांचा ९. सवर्ण हिंदूंत तो १८.९, तर सरकारी दप्तराने ‘कनिष्ठ जातींचे’ म्हणून नोंदवलेल्या हिंदूंत ६१.६ होता. म्हणजे युरोपियनांच्या सातपटीहून अधिक.

हा फरक औषधांचा होता, असे म्हणता येत नाही. इन्फ्लुएन्झावर तेव्हा इलाज नव्हता. बहुतेक रुग्ण दगावत ते फ्लूनंतर जडणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने आणि प्रतिजैविके अजून यायची होती. श्रीमंताच्या डॉक्टरकडेही सांगण्यासारखे एवढेच होते : विश्रांती, मोकळी हवा, पाणी, पेज आणि कोणीतरी शुश्रूषा करणारे. नेमके हेच चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या मजुराकडे नव्हते. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. भारतात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या. घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडे होती आणि जेवणाच्या पंगतीत त्या शेवटी होत्या.

कोविडच्या काळात प्रतिजैविके होती, ऑक्सिजन होता, अतिदक्षता विभाग होते. तरीही जुनी रेघ पुसली गेली नाही. जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी झाली. वस्त्यांतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इमारतींत राहणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. जिथे अनेक कुटुंबांत एकच सार्वजनिक शौचालय असते, तिथे ‘अंतर राखा’ हा सल्ला पाळायचा कसा?

साथ विषमता दाखवून थांबत नाही, ती वाढवते. टाळेबंदीत पगारदाराचे काम घरी आले. रोजंदारीवाल्याचे काम गेले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते पायी गावाकडे निघाले होते. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथल्या मुलांची शाळाच थांबली. दवाखान्यासाठी काढलेले कर्ज, मोडलेले दागिने, सुटलेले शिक्षण हे आकडे मृत्युदरात धरले जात नाहीत; पण पुढची साथ येते तेव्हा तेच घर आधीपेक्षा दुबळे असते.

पुढच्या साथीची तयारी म्हणजे केवळ लस आणि खाटा नव्हेत. गोवंडीतील लल्लूभाई आणि नटवर पारेख या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही. तिथे क्षयरोग जास्त आढळतो आणि त्याचा संबंध या रचनेशी असल्याचे आयआयटी मुंबईच्या सहभागाने झालेल्या अभ्यासातून २०१८मध्ये पुढे आले. दोन इमारतींत किती अंतर सोडायचे, आजारपणात मजुरी मिळेल का आणि रेशन कोणाला मिळणार, हे निर्णय साथ नसतानाच होतात. पुढच्या साथीत कोणाचा मृत्युदर किती असेल, हेही बऱ्याच अंशी तेव्हाच ठरते.