भिंतीतील दार हलविताना

घरातील दार एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावे, हा विचार बहुधा गरजेतून जन्मतो. वृद्ध आईची खाट दाराच्या वाटेत येते, किंवा भावाभावांत वाटणी होऊन एका सोप्याच्या दोन खोल्या होतात. एक भोक बुजवावे व दुसरे पाडावे, इतकेच हे काम, असे घरधन्यास वाटते. वस्तुतः त्या भिंतीवरील भारास जमिनीपर्यंत जाण्यासाठी नवी वाट करून द्यावयाची असते. ती चुकली तर माडी खाली येते.

प्रथम भिंतीची परीक्षा करावी. जुन्या मराठी वाड्यांत पुष्कळदा भिंतीच्या पोटात लाकडी खांब दडलेले असतात व माडीचा भार तेच वाहतात. विटा केवळ भरणीच्या असतात. असा खांब कापणे म्हणजे घराचा पायच तोडणे होय. म्हणून थोडा गिलावा काढून आत पाहावे, आणि तुळयांची टोके कोठे टेकली आहेत हेही ताडून घ्यावे.

निव्वळ विटांच्या भिंतीत एक सोय उपजतच असते. विटा सांधेमोड करून रचलेल्या असल्यामुळे दारावरील भार कमानीप्रमाणे दोहों बाजूंस वाटला जातो, आणि दारावरच्या लिंटेलवर त्रिकोणाएवढ्याच विटांचे ओझे येते. तीन फुटी दार व नऊ इंची भिंत धरली तर हे ओझे सुमारे दीडशे किलो भरते. मात्र त्या त्रिकोणात तुळईचे टोक आले, की हा हिशेब पार बदलतो. तो स्थापत्य-अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवू नयेत. मधली अरुंद भिंत चिरडण्याचा धोका असतो. आधी जुने दार बुजवावे. कडेच्या विटांत दात पाडून भिजविलेल्या नव्या विटा त्यांत गुंतवाव्या. भिंत चुन्याची असल्यास मसाल्यातही चुना असावा. नवे बांधकाम आकसते. यास्तव वरची दरज मोकळी सोडून काही दिवसांनी ती घट्ट मसाल्याने ठासावी.

मग धिरे देऊन नव्या जागेचे लिंटेल बसवावे. ते दोन भागांत घ्यावे : भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच करून एक पट्टी बसवावी, तिच्यावरील फट ठासावी, मसाला घट्ट झाल्यावरच दुसऱ्या बाजूस हात घालावा. दोन्हीकडे निदान सहा इंच टेकू मिळावा. त्यानंतरच खालच्या विटा, वरून खाली, छिन्नीने एकेक काढाव्या. घणाचे घाव घालू नयेत.

काम संपल्यावर एखादी चीर दिसलीच, तर तिच्यावर काचेची बारीक पट्टी पक्की चिकटवावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजून लागलीच धिरे द्यावे. पट्टी महिनोन्महिने अखंड राहिली, तर आईची खाट निश्चिंतपणे नव्या दाराशेजारी मांडावी.