विश्लेषण : भारतीय फुटबॉल संघ १४२व्या स्थानी, भामरागडच्या मुलासाठी या संघाची वाट किती लांब?

येत्या ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे फुटबॉल विश्वचषक रंगणार आहे. पहिल्यांदाच ४८ संघ खेळतील. त्यात कुरासाव हा कॅरिबियन बेटावरचा देश आहे, ज्याची लोकसंख्या जेमतेम दीड लाख, म्हणजे चंद्रपूर शहराच्या निम्मीच. उझबेकिस्तान आणि जॉर्डन हे आशियाई संघही प्रथमच पात्र ठरले. भारत मात्र कुठेच नाही. संघाचे भवितव्य काय, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातल्या मुलामुलींना त्यात जागा आहे का, याचा हा आढावा.

पुरुष संघ इतका का घसरला?

जुलै २०२३ मध्ये भारत ‘फिफा’ क्रमवारीत ९९व्या स्थानी होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १४२वर गेला. मधल्या काळात संघ विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत बाद झाला. प्रशिक्षक इगोर स्टिमॅच गेले, मानोलो मार्केझ आले आणि वर्षभरात तेही गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. मुंबईच्या क्लब फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून वाढलेले जमील यांनी ‘काफा’ नेशन्स चषकात ओमानला हरवून तिसरे स्थान मिळवून दिले. पण खरी परीक्षा २०२७च्या आशियाई चषक पात्रतेची होती. बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूरच्या गटात पहिल्या पाच सामन्यांत भारताला एकही विजय मिळाला नाही. दोन बरोबरी, तीन पराभव. २०१९ आणि २०२३ असे सलग दोनदा खेळलेला भारत यंदा या स्पर्धेबाहेर आहे.

गोल कोण करणार, हा प्रश्न तर जुनाच. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलवावे लागले, आणि मालदीवविरुद्ध चाळिशी गाठलेल्या छेत्रीने गोलही केला. त्याच्या नावावर ९५ आंतरराष्ट्रीय गोल आहेत. त्याच्यामागे उभा राहणारा एकही आघाडीपटू तयार नसणे हे छेत्रीचे यश कमी आणि व्यवस्थेचे अपयश जास्त म्हणावे लागेल. आता परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंकडे डोळे लागले आहेत. मुंबईत जन्मलेल्या आईचा मुलगा, ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स याने तेथील नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. बांगलादेशने हमझा चौधरीला आणून हाच मार्ग आधी धरला होता.

लीगचा घोळ काय?

महासंघ आणि फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड यांच्यातील २०१०चा १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला. त्याआधीच इंडियन सुपर लीगचा हंगाम थांबवला गेला. नव्या निविदेला एकही बोली आली नाही. अखेर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने लक्ष घातल्यावर १४ फेब्रुवारी २०२६ची तारीख ठरली. १४ संघ, एकमेकांशी एकेकदाच सामना, म्हणजे प्रत्येकाला १३ साखळी सामने. गेल्या हंगामात हेच सामने २४ होते. अव्वल खेळाडूचे सामनेच जवळपास निम्म्यावर येत असतील, तर राष्ट्रीय संघाकडून सुधारणेची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

महिला संघाचे चित्र वेगळे कसे?

महिला संघाने ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत थायलंडला त्यांच्याच घरात २-१ असे नमवले आणि पात्रता फेरी खेळून प्रथमच आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई समोर असतील. १२ संघांतील आठ उपांत्यपूर्व फेरीत जाणार असल्याने तेथवर मजल मारली, तरी २०२७च्या ब्राझील विश्वचषकाची आशा जिवंत राहील. २० आणि १७ वर्षांखालील मुलींचे संघही आपापल्या आशियाई स्पर्धांना पात्र ठरले आहेत. थोडक्यात, आज एखाद्या आदिवासी मुलीला भारताची जर्सी मिळण्याची शक्यता तिच्या भावापेक्षा जास्त आहे.

हे नुसते म्हणणे नाही. २०२२ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात २१ जणींच्या भारतीय संघात सहा मुली एकट्या झारखंडच्या होत्या. कर्णधार अष्टम उरांव गुमला जिल्ह्यातील एका खेड्यातली. जंगल, आदिवासी वस्ती, नक्षलवादाचा इतिहास, तुटपुंजे रस्ते असे गुमल्याचे वर्णन गडचिरोलीलाही लागू पडते.

मग चंद्रपूर-गडचिरोलीत अडते कुठे?

आधी अंतर पाहू. सिरोंचाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. गडचिरोली जिल्ह्यात सुरू असलेले रेल्वे स्थानक एकच, देसाईगंज (वडसा). विदर्भातले खरेखुरे क्लब फुटबॉल नागपूर-कामठीत आहे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरची जिल्हा लीग, विजय बारसे यांनी उभी केलेली ‘स्लम सॉकर’ चळवळ, जिच्यावरून ‘झुंड’ चित्रपट बनला, हे सगळे वैनगंगेच्या बरेच अलीकडे थांबते.

अंतरापेक्षा मोठा अडसर स्पर्धेच्या रचनेचा आहे. इकडच्या मुलाचे फुटबॉल शालेय स्पर्धांपुरते असते. सुब्रतो चषक किंवा जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरलात की वर्ष संपले. साधे गणित करून पाहा. १६ शाळांची बाद फेरीची स्पर्धा १५ सामन्यांत आटोपते आणि त्यातील आठ शाळा एकेक सामना खेळून घरी जातात. याच १६ शाळा साखळी पद्धतीने खेळल्या, तर १२० सामने होतील आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला १५ येतील. एवढा प्रवास या भागात शक्य नाही, हे मान्य. पण आलापल्ली, एटापल्ली, धानोरा, कोरची, तिकडे जिवती, राजुरा, चिमूर असे जवळच्या चार-चार शाळांचे गट केले, तरी प्रत्येकाला किमान तीन सामने हमखास मिळतात. पाच-पाच जणांचे छोटे सामने असतील तर पूर्ण मैदानही लागत नाही, आश्रमशाळेचे पटांगण पुरते.

त्यात हंगाम पावसाळ्याचा. सुब्रतो चषकाच्या खालच्या फेऱ्या ऐन पावसात होतात. त्याच दिवसांत पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो. संघ तयार असला तरी तालुक्याबाहेर पडणार कसा? दिल्लीत अंतिम फेरी कधी हे ठरवून मागे मोजत आलेल्या वेळापत्रकात भामरागडचा पूर धरलेला नसतो.

आणि खेळाची निवड. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या स्पर्धांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल आणि मैदानी खेळांचा जोर असतो. गडचिरोली पोलीसही गावोगावी कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतात. त्यात वाईट काही नाही. फक्त, ज्या खेळाचा सामना होतो तोच खेळ मुले खेळतात.

सीमेपलीकडच्या नारायणपूरने काय केले?

भामरागडला लागून असलेला अबुझमाड छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात पसरला आहे. तेथे १९८५ मध्ये रामकृष्ण मिशनचा आश्रम सुरू झाला. निवासी शाळा, मैदान आणि वर्षभर चालणारा सराव या बळावर आश्रमाच्या अकादमीचा संघ आय-लीगच्या तिसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. महासंघाने २० वर्षांखालील मुलांची स्वामी विवेकानंद राष्ट्रीय स्पर्धा २०२४ मध्ये सुरू केली, तीच मुळी नारायणपुरात. देशभरचे संघ अबुझमाडच्या दाराशी खेळायला आले. मध्य प्रदेशातील शहडोलचे विचारपूर हे गावही असेच, पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळणारे.

निवासी शाळांचे जाळे गडचिरोली-चंद्रपुरातही आहे. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर या पाच प्रकल्प कार्यालयांखाली आश्रमशाळा चालतात. ‘मिशन शौर्य’मधून २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतील पाच विद्यार्थी टप्प्याटप्प्याच्या प्रशिक्षणानंतर एव्हरेस्ट चढले. त्यामुळे मुलांच्या दमाबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही.

‘महादेवा’ची मदत किती?

१४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडेवर लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत राज्याच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’चा प्रारंभ झाला. १३ वर्षांखालील ३० मुले आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती, अशी ही योजना. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा २०३४च्या विश्वचषकावेळी वीस वर्षांचा असेल, तेव्हा वयाचे गणित जमते. मुलींना निम्म्या जागा हा तर योजनेतला सर्वांत चांगला भाग.

पण अशा मोहिमा राज्याने आधीही पाहिल्या आहेत. १५ सप्टेंबर २०१७ रोजी एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवले गेले. २०२३ मध्ये ‘एफसी बायर्न महाराष्ट्र कप’मधून २० मुले जर्मनीला जाण्यासाठी निवडली गेली. निवड चाचणीत दोन तासांत मुलाचा वेग दिसतो. सामन्याची जाण दिसत नाही, कारण ती सामने खेळूनच येते. वर्षाला पाच-दहा सामनेही न मिळालेला एटापल्लीचा मुलगा आणि लीग खेळणारा मुंबई-कोल्हापूरचा मुलगा एकाच चाचणीत उभे राहिले, तर कोण निवडला जाईल हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला होता. त्यालाही आधी शहराची फुटबॉल-संस्कृती मिळाली होती.

खेळून पुढे काय?

हा प्रश्न या भागातले पालक सर्वांत आधी विचारतात आणि तो रास्त आहे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीवरचे पदक हवे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला कबड्डीतले पदक फुटबॉलपेक्षा जवळचे वाटले, तर त्याचा हिशेब चुकलेला नाही. सुपर लीगमध्ये महाराष्ट्राचा एकच क्लब, मुंबई सिटी. विदर्भाचा एकही नाही. मुलींसाठी मात्र राष्ट्रीय वयोगट संघांची दारे सध्या उघडी आहेत. त्या दारापर्यंत जाणारी जिल्ह्यातली पहिली पायरी, म्हणजे मुलींची छोटी लीग, पावसाळा सरल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेता येते. तेव्हा धान कापून झालेले असते आणि नद्याही उतरलेल्या असतात.