पडदा, पोस्टर, तुतारी

गाणं येण्याआधी हल्ली बरंच काही येतं. गायकाचा पाठमोरा फोटो असलेलं पोस्टर, वीस सेकंदांचा टीझर, यूट्यूबचा थंबनेल, रील, कधी टी-शर्टसुद्धा. सगळीकडे रंग तोच, अक्षरांचं वळण तेच आणि चेहऱ्यावरचा भावही तोच हवा, असा आग्रह असतो. कोल्हापुरातल्या छोट्या एडिटिंगच्या खोल्यांतही 'ब्रँडिंग' हा शब्द सर्रास कानावर पडतो. तो मुंबईहून आला असेल, पण ज्या कामाला तो चिकटलाय ते काम या गावात शंभर वर्षांपूर्वी रीतसर चाललं होतं.

1921-22 च्या सुमारास कोल्हापुरातली एक फिल्म कंपनी आपल्या मूकपटांसोबत छापील पुस्तिका वाटत होती. पुस्तिकेत चित्रपटाची माहिती असे, आतले फोटो असत. बाहेर भिंतीवर रंगीत पोस्टर. ते काढणारा माणूस कंपनीचा चालक होता, दिग्दर्शक होता, पात्रांच्या पोशाखांची रेखाटनं करणारा होता आणि सेट कसा असावा हे ठरवणाराही तोच होता. पडदा आणि पोस्टर यांचा मेळ बसवायला कुणाला बैठक घ्यावी लागली नाही. मेळ त्या माणसाच्या मनगटातच होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर (1890–1954). 'पेंटर' हे त्यांच्या धंद्याचं नाव, ते आडनावाच्या जागी कायमचं जाऊन बसलं. आतेभाऊ की चुलतभाऊ या वादात न शिरता एवढंच सांगू, की आनंदराव पेंटर आणि ते मिळून संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते: शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पहिल्या नजरेत कळलं पाहिजे की आपण कुठे आहोत. पोस्टरला याहून वेगळं शिक्षण लागत नाही. दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं आणि त्यांनी कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला. भांडवलासाठी पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पहिल्या पैशात गाण्याची कमाई होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मराठी पॉपच्या अर्थकारणाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच तर पहिलं पान तानीबाईंचं असावं.

1920 चा 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. कीचकवधाचा प्रसंग इतका अंगावर आला की तो भाग पुढे काढावा लागला. 1923 च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, रात्रीचा किल्ला दिसला आणि गर्दी लोटली. 1924 चा 'कल्याण खजिना', 1925 चा 'सावकारी पाश'. 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज पाहायला मिळणाऱ्या अगदी जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक आहे. तोवर सिनेमाची जाहिरात म्हणजे बहुतेक अक्षरंच: नाव, वेळ, तिकिटाचे दर आणि 'अवश्य पाहा'. बाबूरावांच्या पोस्टरनं खेळाची बातमी द्यायचं सोडून खेळच रस्त्यावर आणला. पडद्यावरचा किल्ला आणि भिंतीवरचा किल्ला एकाच हातानं उभा केलेला, म्हणून भिंत पाहून आत गेलेल्याची फसगत होत नसे.

या पद्धतीत एक अडचण मात्र होती. तो हात थांबला की सगळंच थांबायचं. बाबूराव सावकाश काम करणारे, मनासारखं होईपर्यंत न सोडणारे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांना वेग हवा होता.

1 जून 1929 ला विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे, केशवराव धायबर आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. आता एका हाताच्या जागी पाच जोड्या हात होते. फत्तेलाल चित्रकार, दामले यंत्रातलेही जाणते, शांतारामबापूंना दिग्दर्शनाची घाई. शैली एका माणसाच्या स्वभावातून येत होती तोवर खुणेची गरज नव्हती, आता ती लागली. खूण निवडली ती तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची. पहाट आणि तुतारी यांचं नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मूकपटात ती तुतारी नुसती दिसत होती. बोलपट आला आणि तिला आवाज फुटला. कंपनीची खूण एकाच वेळी डोळ्यांना आणि कानांना मिळाली. नुसत्या दोन-चार सुरांवर प्रेक्षकाला कळायचं, की पुढचे दोन-अडीच तास कुणाच्या घरचं जेवण आहे. आज याला 'ऑडिओ लोगो' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

या खुणेची पहिली कसोटी लवकरच लागली. 1930 चा शिवाजीमहाराजांवरचा मूकपट 'स्वराज्याचे तोरण' या नावानं तयार झाला. शांतारामबापू स्वतः शिवाजीच्या भूमिकेत. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला नावातलं स्वराज्यच खुपलं आणि चित्रपट 'उदयकाल' होऊन बाहेर पडला. जाहिरातीच्या धंद्यात चित्रपटाचं नाव ऐन वेळी बदलणं म्हणजे अर्धी मेहनत पाण्यात. पण 'उदयकाल' हे नाव 'प्रभात'च्याच कुळातलं निघालं. सरकारनं नाव काढायला लावलं आणि कंपनीची ओळख नकळत आणखी घट्ट झाली. हे ठरवून झालं की सुचून गेलं, देव जाणे.

1932 चा 'अयोध्येचा राजा' हिंदीतही निघाला. दुर्गा खोटे, गोविंदराव टेंबे. संगीतही टेंब्यांचंच. इथून पुढे चित्रपटाची खरी जाहिरात गाणीच करू लागली, आणि एकसारख्या ओळखीचा प्रश्न एकदम गुंतागुंतीचा झाला. गाणं थिएटरबाहेर पडलं की ते कुणाचं? ध्वनिमुद्रिकेच्या मधल्या गोल कागदावर राज्य रेकॉर्ड कंपनीचं, तिच्या चिन्हाचं. चित्रपटाचं नाव तिथे बारीक अक्षरांत. तेव्हा चित्रपटाचा चेहरा घरापर्यंत नेण्याचं काम गाण्यांच्या पुस्तकानं केलं. थिएटरच्या दारात विकली जाणारी ती पातळ चोपडी: मुखपृष्ठावर पोस्टरचंच चित्र, आत थोडक्यात कथा (शेवट न सांगता, 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा'), कलावंतांची नावं आणि सगळी पदं. लोक ती घरी नेऊन पेटीवर गाणी बसवत. बाबूरावांच्या पुस्तिकेची ही धाकटी बहीण. पुस्तिकेत फोटो होते, चोपडीत शब्द आले आणि शब्दांबरोबर चित्रही घरात टिकलं. गाण्याच्या व्हिडिओनं पुढे जे केलं, म्हणजे ऐकताना डोळ्यांपुढे ठरावीक चित्र आणायचं, ते तेव्हा हे मुखपृष्ठ करत होतं.

प्रभातच्या महत्त्वाकांक्षेचा एक फसलेला नमुनाही सांगायला हवा. 1933 मध्ये शांतारामबापूंनी गुरूचाच 'सैरंध्री' पुन्हा केला, आणि रंगीत. रंगांची प्रक्रिया करायला फिल्म जर्मनीला गेली. पडद्यावर जे रंग उमटले त्यांनी कुणाचंच समाधान झालं नाही. रंगाचं आश्वासन द्यायचं आणि तो नीट न उतरायचा, यात पोस्टर आणि पडदा यांच्यामध्ये फट पडतेच. आश्चर्य हे, की कंपनीच्या नावाला धक्का बसला नाही. त्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरकरांना ते लागलं, अजून लागतं. तुतारी मात्र तीच राहिली. 'संत तुकाराम' (1936), 'कुंकू' (1937), 'माणूस' (1939): अभंग, जरठ-कुमारी विवाह, पोलीस शिपाई आणि वेश्या. यांची पोस्टरं एकमेकांसारखी असणं शक्यच नव्हतं आणि ती नव्हतीही. वरचं चिन्ह तेवढं सारखं. एकच रंग, एकच अक्षर यांच्या अट्टहासापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. सगळं एकसारखं करायचं नसतं, काय सारखं ठेवायचं तेवढं निवडायचं असतं.

याचं एक परदेशी उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या 'क्वीन' बँडचा गायक, त्या बँडच्या 1974 च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चार चेहरे अंधारातून वर पाहतात. मिक रॉक या छायाचित्रकारानं ते टिपले, मार्लेन डीट्रिचच्या 1932 मधल्या 'शांघाय एक्स्प्रेस'मधल्या प्रतिमेवरून. पुढच्या वर्षी 'बोहेमियन रॅप्सडी'च्या व्हिडिओत तेच चार चेहरे तसेच पुन्हा आले, या वेळी हलते, गाते. मुखपृष्ठ आणि व्हिडिओ एकमेकांचे साक्षीदार झाले. ज्या वर्षी डीट्रिचचं ते चित्र आलं त्याच वर्षी कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' झाला, हा निव्वळ योगायोग. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रभात गेल्यावर कोल्हापूर रिकामं झालं नाही. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ होता. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला. तिथली रीत मात्र उलटी होती. भालजी गीतं 'योगेश' या नावानं लिहीत. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' यांचं संगीत 'आनंदघन' यांचं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे पुष्कळांना माहीत नव्हतं. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा ते उघड झालं. देशातलं सर्वांत मोठं नाव हाताशी असताना ते पोस्टरवर संगीतकार म्हणून टाकायचं नाही, हा आजच्या कुठल्याही प्रसिद्धी-सल्लागाराला घाम फोडणारा निर्णय. त्या चित्रपटांना चेहरा दिला तो मातीनं, फेट्यांनी, सुलोचनाबाई आणि जयश्री गडकरांच्या पदरानं. नाव झाकलं तरी ओळख झाकली गेली नाही. त्याआधी 1946 मध्ये भालजींच्या 'वाल्मिकी'त पृथ्वीराज आणि राज कपूर ही बापलेकांची जोडी होती. तीनच वर्षांनी 'बरसात'मधली एक मुद्रा, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर नायिका, राज कपूरनं आपल्या कंपनीचं कायमचं चिन्ह केली. चित्रपटातला एक क्षण सगळ्या चित्रपटांवर राज्य करू लागला, तो असा.

आणि मग कोल्हापूरचे जी. कांबळे. बाबूरावांच्या हातात सगळं एकवटलं होतं. कांबळे फक्त रंगवायचे, पण काय रंगवायचे! शांतारामबापूंकडे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. 'मुघल-ए-आझम'साठी के. आसिफनी त्यांना बोलावलं. 1960 मध्ये मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरवर जे भव्य चित्र लागलं त्यासाठी बाजारातले विलायती रंग आसिफनी घाऊक उचलले, अशी कथा सांगतात. कांबळ्यांनी काढलेलं शिवछत्रपतींचं चित्र महाराष्ट्र शासनानं अधिकृत मानलं. सरकारी कचेरीत, शाळेत, रिक्षाच्या काचेवर, मंडळाच्या फलकावर ते दिसतं. एका पोस्टर-पेंटरची प्रतिमा इतक्या ठिकाणी इतक्या सारखेपणानं पोहोचली आहे, की ती कुणी काढली हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

हाताचे बॅनर गेले ते फ्लेक्सनं. रातोरात छापून मिळणारं, स्वस्त, उन्हात विटणारं. पेंटरच्या दुकानात नंबर प्लेटा उरल्या, मग त्याही गेल्या. आजच्या मराठी गाण्यांच्या व्हिडिओंमध्ये 'कोल्हापूर' भरपूर दिसतं: फेटा, कर्र वाजणारी चप्पल, शड्डू, रंकाळा, म्हशी. 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेनं 2016 पासून वसगडेचा वाडा घरोघरी नेला आणि लोक तो पाहायला गावात येऊ लागले, तेव्हापासून हा साज आणखी ठरीव झालाय. पोस्टर आणि व्हिडिओ अगदी जुळतात, कारण दोन्हींत तोच साज असतो. पुढच्या गाण्यातही तोच, शेजारच्या गायकाच्या गाण्यातही तोच. जुळवाजुळव उत्तम, फक्त गाणं कुणाचं ते ओळखू येत नाही. याचं कारण बरेचदा साधं असतं. पोस्टर करणारा मुलगा शूटिंगला गेलेलाच नसतो. शूटिंग संपल्यावर त्याला व्हॉट्सअॅपवर चार स्क्रीनशॉट येतात, 'संध्याकाळपर्यंत दे' म्हणून. बाबूरावांची पोशाखांची रेखाटनं कॅमेरा फिरण्याआधी तयार असत. इथे कॅमेरा फिरून झाल्यावर रंग ठरतो, मग तयार नमुन्यावरच भागवावं लागतं.

गावात अजून एका ठिकाणी मात्र हे काम न शिकवता नीट होतं. फुटबॉलचा हंगाम आला की शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण या तालमींचे पाठीराखे जमतात. जर्सी, झेंडा, पेठेतला फलक, मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ, सगळ्यांत तालमीची ओळख एकच. डिझायनर बहुतेक तालमीतलाच, व्हिडिओ काढणारा गॅलरीत ओरडणारा, आणि रंग चुकला तर कट्ट्यावर जाब विचारणारेही तिथेच बसलेले असतात.